लुगर पिस्तुलाचं व्हेरिएशन ओळखताना या चुका टाळा

जुनं लुगर, हे जर्मन पिस्तूल, हाती आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "हे काहीतरी वेगळंच व्हेरिएशन, म्हणजे वेगळा उपप्रकार, आहे ना?" असेलही. पण उत्तराची घाई करणाऱ्यांनी जितकी चांगली पिस्तुलं वाया घालवली, तितकी गंजानेही घालवली नसतील. त्याच त्या चुका वर्षानुवर्षं बघतोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी जिवाचं. मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं धरून चालू नका. टॉगल, म्हणजे वरचा गुडघ्यासारखा मुडपणारा सांधा, मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पी ०८, म्हणजे सैन्याचं १९०८ चं मॉडेल, त्याच्या एक्स्ट्रॅक्टरवर (काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागावर) 'गेलाडेन', म्हणजे 'भरलेलं', असं कोरलेलं असतं आणि चेंबरमध्ये गोळी असली की तो उचललेला राहतो. आणखी एक धोका बऱ्याच जणांना माहीतच नसतो. वरचा भाग फ्रेमपासून सुटा केल्यावरही चेंबरमध्ये गोळी राहिली असेल आणि बाजूची सिअरची (गोळी उडवणारी सुई अडवून धरणारी) पट्टी दाबली गेली, तर गोळी सुटू शकते. टॉगल अडकला असेल तर जोर लावू नका, जाणकाराकडे न्या.

आता माझ्या सगळ्यात जिव्हारी लागणारी चूक: एकच खूण बघून पिस्तुलाला नाव देऊन मोकळं होणं.

चेंबरवर दोन सालं दिसली, समजा १९१७ आणि १९२०, की लोक म्हणतात कारखान्यात चूक झाली, हा नग दुर्मीळ. चूकबिक काही नाही. पहिलं महायुद्ध संपलं, व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणलं. हाती उरलेली शस्त्रं सरकारी मालकीची आहेत हे कळावं म्हणून जुन्या पिस्तुलांवर १९२० चा ठसा मारला गेला. १९१७ हे बनावटीचं साल, १९२० हा मालकीचा शिक्का. अशी पिस्तुलं भरपूर आहेत. त्यांना मोल आहे, पण ते इतिहासामुळे, कारखान्याच्या चुकीमुळे नव्हे.

दुसरा मोह नळीच्या लांबीचा. जर्मन नौदलाने १९०४ मध्ये स्वीकारलेल्या मॉडेलची नळी १५० मिमी, सैन्याच्या १९०८ च्या मॉडेलची साधारण १०० मिमी, तोफखान्याच्या मॉडेलची २०० मिमी. एकाने नौदलाचं म्हणून भरपूर पैसे मोजून घेतलेलं पिस्तूल माझ्यापुढे ठेवलं. पट्टी लावली, नळी बरोबर १५० मिमी. पण टॉगलवर मुकुट आणि त्याखाली 'इरफुर्ट'. इरफुर्टच्या सरकारी कारखान्याने नौदलाचं मॉडेल कधी बनवलंच नाही, ते काम बर्लिनच्या डीडब्ल्यूएम या शस्त्र कंपनीचं. नौदलाच्या पिस्तुलाला टॉगलच्या मागच्या दुव्यावर १०० आणि २०० मीटरची सरकती साइट (नेम धरायची खाच) असते. इथे सैन्याची साधी खाच होती. नळी उलटी करून बघितली, तर तिच्यावरचा नंबर फ्रेमशी जुळत नव्हता. म्हणजे सैन्याचं पी ०८, नंतर कोणीतरी नळी बदललेलं. हे कळायला दोन मिनिटं पुरली. ती दोन मिनिटं त्याने पैसे देण्याआधी काढली नाहीत याचं मला आजही वाईट वाटतं.

माझी सवय सांगतो. पिस्तुलाचं नाव तोंडातून काढण्याआधी वहीत सगळं उतरवून घेतो: टॉगलवरचं चिन्ह, चेंबरवरचं साल, नंबर आणि त्यासोबतचं अक्षर, नळीची लांबी, नळीखालचे आकडे, साइट, मुठीमागचा, खांद्याला टेकवायची लाकडी बट अडकवायचा कंगोरा, आणि सुट्या भागांवरचे शेवटचे दोन आकडे. मग एकच प्रश्न: हे सगळं एकाच काळातलं, एकाच कारखान्यातलं आहे का? एक जरी नोंद फटकून वागली तर आधी 'नंतर बदललंय' असं धरतो आणि मग उलट पुरावा शोधतो. हे कंटाळवाणं आहे, पण याला शॉर्टकट नाही.

आणि आता साफसफाई. कृपा करून पुसू नका, घासू नका, काही लावू नका.

एका तरुणाने मला फोटो पाठवले होते. ट्रिगर आणि सेफ्टीचा खटका वाळलेल्या गवतासारखे सोनेरी, आणि मुठीच्या पुढच्या पट्टीवर अक्षरांची एक पुसट ओळ. ती ओळ म्हणजे बहुधा रेजिमेंटचा शिक्का, पिस्तूल कुठल्या तुकडीत होतं ते सांगणारा. मी कळवलं, जसं आहे तसं घेऊन ये. त्याने आणलं ते चकचकीत करून. सोनेरी रंग त्याला गंज वाटला, म्हणून पॉलिशने काढला. पट्टीवर खड्डे होते, ते बारीक सँडपेपरने सपाट केले. मी भिंग लावून, दिवा तिरका धरून अर्धा तास ती पट्टी बघत बसलो. एका अक्षराची उभी रेघ तेवढी उरली होती.

तो सोनेरी रंग पोलाद तापवून आणलेला असतो, कारखान्यातलाच. थर इतका पातळ असतो की पॉलिशच्या चार हातांत जातो. नंतर लुगर बनवणाऱ्या मौझर कंपनीने १९३७ च्या सुमारास ही पद्धत सोडून ते भागही निळे-काळे करायला सुरुवात केली, म्हणजे तो रंग हाच काळाचा पुरावा. त्या मुलाने आदरापोटीच साफ केलं होतं, म्हणून रागावताही येईना. पण उतावळेपणाने झालेलं नुकसान भरून येत नाही. मी फक्त सुती कापड आणि तेलाचा एक थेंब वापरतो, तोही सगळे ठसे वाचून झाल्यावर.

बाकीच्या चुका थोडक्यात. 'एस/४२', नुसतं '४२' आणि 'बीवायएफ' हे नंबर नाहीत, मौझरचे संकेत आहेत. चेंबरवर एकटं 'के' म्हणजे १९३४, 'जी' म्हणजे १९३५. सैन्याच्या पिस्तुलांचे नंबर दरवर्षी पुन्हा एकपासून सुरू होत, त्यामुळे अक्षर आणि साल सोडून नुसता नंबर सांगणं व्यर्थ. ते अक्षर वळणदार असतं, 'एन' आणि 'यू'ची गल्लत सहज होते. काळ्या मुठीच्या १९४१-४२ च्या पिस्तुलाला 'ब्लॅक विडो' म्हणतात, पण ते युद्धानंतर विक्रेत्यांनी दिलेलं नाव आहे, जर्मन मॉडेल नव्हे. मॅगझीनच्या बुडाशी '+' दिसला तर तो दोष नाही, ते जोडीतलं दुसरं मॅगझीन.

फोटो पाठवताना फ्लॅश बंद ठेवा, उजेड बाजूने पडू द्या. जुन्या सैनिकी नळ्यांच्या पोटावर नंबराशेजारी '८,८२' असं नळीच्या आतल्या व्यासाचं माप असतं, आणि नेमका तोच फोटो कोणी काढत नाही. पहिला फोटो त्याचाच काढा.