शेगडीला नावं ठेवण्याआधी सरपण बघा

हिवाळा लागला की लाकडावर चालणाऱ्या बंद शेगडीवाल्यांची तीच तक्रार: ‘केबिन तापतच नाही, मोठी शेगडी घ्यावी का?’ नको. आधी सरपण दाखवा. बहुतेकदा ते ओलं निघतं.

ताज्या तोडीच्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. मग ऊब केबिनला मिळण्याआधी ते पाणी उडवण्यातच खर्च होते. ओल २० टक्क्यांच्या खाली हवी. त्यासाठी लाकूड फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा खेळेल असं रचायचं आणि थांबायचं. निदान सहा महिने. टणक लाकडाला दोन वर्षंही लागतात. पहिल्या थंडीत सरपण शोधायला निघणाऱ्यांना हे सांगितलं की राग येतो. ओल मोजायचं मीटर वापरणार असाल तर ओंडका फोडून आतल्या बाजूला लावा. मी दोन फोडी एकमेकींवर आपटतो. खणखणीत वाजल्या तरच आत आणतो.

दुसरा लाडका उद्योग म्हणजे रात्री शेगडी गच्च भरून हवेची झडप बंद करणं. माझ्या एका मित्राने हिवाळाभर हेच केलं, तेही ओलसर लाकडावर. अशी आग नुसती धुमसते, धूर गार धुराड्यात थिजतो आणि आत क्रिओसोटचा, म्हणजे डांबरासारख्या ज्वलनशील काजळीचा काळा थर चढतो. एका कडाक्याच्या रात्री त्याने झडप सताड उघडली आणि तो थर पेटला. विमान डोक्यावरून जावं तशी घरघर, पाईप लालबुंद. मी तिथेच होतो. दार आणि झडप बंद केली, सगळ्यांना बाहेर काढलं. छतातून जाणारी पाईप दुपदरी, इन्सुलेशनवाली होती म्हणून छप्पर वाचलं. तरी हा म्हणतो, ‘पण रात्रभर ऊब राहायची!’

झोपण्याआधी जाड लाकडं घाला, ती नीट पेटू द्या, मगच हवा कमी करा. पूर्ण बंद कधीच नाही. पहाटे उठून पुन्हा लाकूड घालावं लागतं. ते जमणार नसेल तर जाड रजई घ्या. धुराड्यात ३ मिलिमीटर थर दिसला की मी ब्रश काढतो.

रॉकेल, पेट्रोल ओतून पेटवणं: अजिबात नाही. रंग दिलेलं किंवा रसायन मुरवलेलं लाकूडही नको.

राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर, लाकडी ओट्यापासून लांब. निखारे तिच्यात काही दिवस जिवंत राहतात.

कार्बन मोनॉक्साइडचा (जळणातून येणाऱ्या, वास नसलेल्या विषारी वायूचा) अलार्म बॅटरीवर चालतो, त्यामुळे ‘आमच्याकडे वीज नाही’ ही सबब चालणार नाही.

शेगडीच्या दाराची फट बंद करणारी कडेची दोरी तपासायची तर शेगडी गार असताना दारात कागद अडकवून ओढा. सहज निसटला तर दोरी बदला.