शेतघराच्या रस्त्याची कड वाहून जाते? या चुका टाळा

खुडैल, कंपेल, सिमरोल, महू, इंदूरच्या कुठल्याही अंगाला जा, जुलै संपता संपता एकच तक्रार ऐकू येते: "मुरूमच खराब निघाला." डांबरी रस्त्यापासून शेतावरच्या घरापर्यंत शे-दीडशे मीटरची वाट, मे महिन्यात तिच्यावर पसरलेला मुरूम, आणि दोन मोठ्या पावसांनंतर कडेला गुडघाभर घळ. दिवाळीनंतर पुन्हा डंपर मागवला जातो. मुरमाचा दोष क्वचितच असतो. पाण्याला वाट ठेवली नाही, म्हणून त्याने रस्त्याचीच वाट केली.

थोडा हिशेब करा. १०० मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद रस्त्यावर तासाभरात ५० मिमी पाऊस झाला, तर नुसत्या रस्त्यावर १७,५०० लिटर पाणी पडतं. वरच्या अंगाला एक एकर शेत असेल, तर त्यावर त्याच तासात २ लाख लिटर. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते तेव्हा पाणी आत घेते, पण भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पुढचं बरंचसं पाणी वरूनच पळतं. म्हणून जूनमध्ये टिकलेला रस्ता ऑगस्टमध्ये जातो.

या हिशेबातच पहिली चूक दिसते. लोक रस्त्याचं पाणी आवरायला निघतात आणि शेताचं मोकळं सोडतात. वरच्या अंगाला, रस्त्यापासून दोन-तीन मीटर आत, एक रुंद उथळ चर काढा. निघालेली माती चराच्या खालच्या बाजूला दाबून बसवा. चराला उतार अगदी बेताचा, १०० मीटरला एखादा मीटर. जेसीबी बोलावण्याआधी एक पावसाळी दुपार छत्री घेऊन तिथे उभं राहा आणि पाणी जिथून रस्त्यावर चढतं तिथे बांबूच्या खुंट्या ठोका. मी याशिवाय कुणाला सल्लाच देत नाही. मशीन तासावर असतं, मालक घाईत असतो, आणि ड्रायव्हर जिथे वळायला सोपं तिथे खोदतो. एक दुपार थांबायची तयारी नसेल तर खर्च दरवर्षी होणार.

"एकदाच पक्कं करून टाकू"

हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकतो आणि सर्वांत जास्त नुकसान यानेच झालेलं पाहतो. सिमरोलच्या पुढे पठाराची कड येते, पाणी चोरल नदीकडे आणि तिथून नर्मदेला जातं. उतार चांगलाच असतो. तिथे एका ओळखीच्या कुटुंबाचं शेत आहे. मुलगा म्हणाला, "काका, दरवर्षीची कटकट नको, सिमेंटची नालीच बांधतो." मी दगड आणि गवत सुचवलं होतं. ते त्याला जुन्या काळातलं वाटलं. मेमध्ये वरपासून खालपर्यंत सरळ, गुळगुळीत नाली तयार झाली. दिसायला खरंच छान.

नालीची भिंत जमिनीपेक्षा चार बोटं वर राहिली होती. तेवढ्यानेच घात केला. शेताचं पाणी नालीत उतरेना, ते भिंतीच्या बाहेरून, तिला चिकटून खाली धावू लागलं. भिंतीखालची माती निघाली. त्यात काळी माती फुगली आणि सांधे उघडले. जे पाणी आत गेलं त्याला अडवायला तळाशी काहीच नव्हतं. वेग दुप्पट झाला की पाण्यातली ऊर्जा चौपट होते. नाली जिथे संपली तिथे त्या पाण्याने खड्डा पाडला, आणि तो खड्डा मागे मागे सरकत नालीच्या तळाखाली शिरला. ऑगस्टमध्ये शेवटचे तुकडे त्याच खड्ड्यात कोसळलेले होते आणि शेजाऱ्याच्या सोयाबीनवर गाळ बसला होता. पैशांपेक्षा शेजाऱ्याशी बिघडलेलं बोलणं त्या घराला जास्त लागलं.

पडलेली नाली पुन्हा बांधायला मी साफ नको म्हटलं. तुकडे फोडून टोकाशी पिचिंगसारखे, म्हणजे माती वाहू नये म्हणून दगडांचं अस्तर घालतात तसे, पसरले. चर पसरट केला, तळ सपाट, बाजू हाताने गवत कापता येईल इतक्या आडव्या. त्यात थोड्या थोड्या अंतरावर अनघड दगडांचे छोटे बांध घातले. यात लोक हमखास चुकतात: बांधाचा मधला भाग कडांपेक्षा खोलगट हवा. मध्य उंच ठेवलात तर पाणी बगलेतून जातं आणि चराची कड खातं. अंतर ठरवायची सोपी रीत अशी की खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीला यावा. उतार जास्त, तर बांध जवळ जवळ.

शिवाय सगळं पाणी शेवटपर्यंत नेऊच नका. ५ टक्के उतारावर साधारण दर ४० मीटरला, १० टक्क्यांवर दर २५ मीटरला चराला बाहेर फाटा काढा आणि गवताळ, न खणलेल्या जमिनीवर पाणी पसरू द्या. थोडं पाणी अनेक ठिकाणी सोडलं तर ते काही बिघडवत नाही.

फाटकाजवळची पुलिया

सहा इंची पीव्हीसी पाईप टाकू नका. गहू-सोयाबीनचा काडीकचरा आणि दोन पिशव्या त्याला पुरतात. तोंड बंद झालं की पाणी रस्त्यावरून जातं आणि एका रात्रीत भराव कापतं. ३०० मिमीच्या खाली जाऊच नये, मी ४५० मिमीचा ह्यूम पाईप, म्हणजे सिमेंट-काँक्रीटचा पाईप, घ्यायला लावतो. वरून ट्रॅक्टर-ट्रॉली जाणार असेल तर वाहनांचा भार पेलणाऱ्या एनपी-३ दर्जाचा. दोन्ही तोंडांना दगडी भिंत, बाहेरच्या तोंडाखाली दगडांचा थर, आणि वर निदान फूटभर धुम्मस केलेली भर.

बाकीचं थोडक्यात. रस्त्याचा मध्य कडांपेक्षा ५ ते ७ सेंमी उंच हवा, नाहीतर चाकोऱ्याच नाल्या होतात. चाकोरीत काळी माती भरू नका, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. ओल्या काळ्या मातीवर मुरूम टाकला की तो आत गडप होतो, आधी कोरडी बैठक दाबून घ्या. जमलं तर मध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरा, ते पाणी जाऊ देतं पण माती आणि मुरूम मिसळू देत नाही. नदीतले गोल गोटे पिचिंगला नकोत, ते घरंगळतात. कोनेदार फोडीव दगड एकमेकांत अडकतात.

कडेचं गवत "स्वच्छ दिसावं" म्हणून खरवडून काढणाऱ्यांना मला हात जोडून सांगावंसं वाटतं: दूब (हरळी) कापा, उपटू नका. मातीला धरून ठेवणारं तिथे दुसरं काहीही नाही. जिथे कड फारच तुटते तिथे खस (वाळा) लावा. तिची मुळं आडवी न पसरता सरळ खोल जातात, म्हणून बाजूच्या पिकाला त्रास नाही. मुळासकट फुटवे चराच्या कडेने, वीतभरापेक्षा कमी अंतरावर, एका ओळीत लावा. जूनअखेर पाऊस स्थिरावला की ही लागवड करावी. पहिल्या वर्षी फट दिसली तर लगेच भरा, कारण पाणी नेमकं त्याच फटीतून निघतं.