ऑक्युपेशनल थेरपीत (ओटीत) डॉक्टरेट करायला शिकागोला येताय? बॅग भरण्याआधी एवढं वाचा

दर वर्षी मे-जून उजाडला की मला परळहून, सायनहून, नागपूरहून फोन येऊ लागतात. “ताई, डॉक्टरेटला ॲडमिशन झाली, येताना काय काय आणू?” मी उलट विचारते, “कुठल्या डॉक्टरेटला?” बऱ्याचदा पलीकडून लगेच उत्तर येत नाही. म्हणून कपडे-मसाल्यांच्या यादीआधी हे लिहिते आहे. मी बीओटीएच, म्हणजे ओटीची आपल्याकडची पदवी करून, दोन वर्षं वॉर्डात काम करून इकडे आले, त्यालाही आता एक तप उलटून गेलं.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे आजारपणानंतर किंवा अपंगत्वात रोजची कामं करता यावीत म्हणून दिली जाणारी उपचारपद्धती. तिच्यात इथे ‘डॉक्टरेट’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली पीएचडी. ती संशोधनाची पदवी आहे. चार-पाच वर्षं, कधी जास्तही लागतात, पण चांगल्या विद्यापीठांत बहुतेक वेळा ट्युशन माफ होते आणि असिस्टंटशिपचा स्टायपेंड मिळतो. त्याबदल्यात आठवड्याला साधारण वीस तास प्राध्यापकांचं संशोधन किंवा शिकवण्याचं काम करायचं. दुसरी एंट्री-लेव्हल ओटीडी, म्हणजे या व्यवसायात शिरण्यासाठीची ओटी डॉक्टरेट. ती ज्यांनी ओटी मुळात शिकलेलीच नाही त्यांच्यासाठी आहे. साधारण तीन वर्षं, त्यात २४ आठवड्यांचं लेव्हल-टू फील्डवर्क, म्हणजे रुग्णांबरोबरचं प्रत्यक्ष काम, आणि शिवाय १४ आठवड्यांचा, म्हणजे ५६० तासांचा कॅपस्टोन हा शेवटचा प्रकल्प. ही करून एनबीसीओटीच्या, म्हणजे थेरपिस्टना प्रमाणपत्र देणाऱ्या इथल्या राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षेला बसता येतं. तिसरी पोस्ट-प्रोफेशनल ओटीडी, म्हणजे आधीच थेरपिस्ट असलेल्यांनी पुढे शिकण्याची पदवी. आपल्याकडची बहुतेक मुलं हिलाच अर्ज करतात, कारण ती लवकर संपते.

आणि इथेच लोक फसतात. ही पोस्ट-प्रोफेशनल पदवी घेतली म्हणून एनबीसीओटीची परीक्षा देता येत नाही. भारतात शिकलेल्या थेरपिस्टची पात्रता एनबीसीओटी वेगळ्या प्रक्रियेने तपासते. त्यात तुमची मूळ पदवी, विषय, इंटर्नशिपचे तास आणि इंग्रजी असं सगळं पाहिलं जातं. ती पार पडली की परीक्षा, त्यात ४५० गुण हवेत, आणि मग ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याचं लायसन्स. तेव्हा घर गहाण टाकून कर्ज काढून ओटीडीला येणार असाल तर ही प्रक्रिया आधी सुरू करा, उत्तर हातात पडू द्या आणि मगच फी भरा. मी हे फार कळकळीने सांगते आहे. डोक्यावर कर्ज, हातात पदवी आणि परीक्षेला बसण्याची परवानगी नाही, अशा अवस्थेतल्या दोन मुली माझ्या स्वयंपाकघरात बसून रडल्या आहेत.

आणखी एक. पोस्ट-प्रोफेशनल अभ्यासक्रमांतले बरेचसे पूर्ण ऑनलाइन असतात. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी आय-२० हे विद्यापीठाचं व्हिसासाठीचं पत्र मिळत नाही, म्हणजे एफ-१ हा विद्यार्थी व्हिसाही नाही. जाहिरातीत विद्यापीठाचं नाव मोठं असतं, हे वाक्य कुठेतरी खाली असतं.

“२०२७ नंतर डॉक्टरेटशिवाय अमेरिकेत ओटीच होता येणार नाही” असं अजूनही कुणी कुणी सांगतं. त्यामागची गोष्ट अशी. मान्यता देणाऱ्या एकोट या परिषदेने २०१७ मध्ये तसं ठरवलं होतं खरं, पण विरोध झाला, निर्णय थांबवला गेला आणि २०१९ मध्ये मास्टर्स आणि डॉक्टरेट दोन्ही दारं उघडीच राहतील असं ठरलं. त्यामुळे निव्वळ या भीतीपोटी कुणी डॉक्टरेट करू नये. तुम्हाला शिकवायचं असेल, संशोधन करायचं असेल, तर पीएचडीसाठी थांबा, वर्षभर उशीर झाला तरी चालेल. अर्ज करण्याआधी ज्या प्राध्यापकाकडे काम करायचंय त्याचे चार-पाच पेपर नीट वाचून छोटी, नेमकी ईमेल लिहा. इथे पीएचडीची निवड बरीचशी त्या एका माणसाला तुमचा प्रश्न किती भावतो यावर होते.

आता कागदपत्रं. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टच्या सीलबंद प्रती लागतील त्यापेक्षा तीन-चार जास्तच घेऊन ठेवा. प्रत्येक वर्षाचा अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यासह घ्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंटर्नशिपचं पत्र: कुठल्या विभागात किती आठवडे, किती तास, कुणाच्या देखरेखीखाली, सगळं खुलासेवार. जागतिक ओटी महासंघाचा किमान निकष १००० तासांचा आहे आणि इथे प्रत्येक कचेरी तासच विचारते. ‘सहा महिने समाधानकारक काम केले’ एवढ्याने भागत नाही. इथून मुंबईतल्या हेड क्लार्कना फोन करून ते पत्र बदलून घ्यायला मला चार महिने लागले, शेवटी आई स्वतः जाऊन बसली तेव्हा मिळालं.

लसीकरणाचे कागदही तसेच. गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी या सगळ्यांचे पुरावे किंवा रक्तातल्या अँटिबॉडीजचे रिपोर्ट फील्डवर्कच्या आधी मागतात. आणि टीबीची तपासणी! आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावरची त्वचेची चाचणी बरेचदा पॉझिटिव्ह येते. माझी आली. मग छातीचा एक्स-रे, मग पत्रापत्री, आणि माझं पहिलं प्लेसमेंट तीन आठवडे पुढे गेलं. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगा की मला बीसीजी दिलेली आहे, माझी रक्ताची चाचणी करा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

फील्डवर्क बिनपगारी असलं तरी त्याला सीपीटीची, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची मंजुरी लागते का, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून लेखी घ्या. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने भरली तर पदवीनंतरची ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करण्याची परवानगी हातची जाते, म्हणून दिवस मोजत राहा. ओपीटी मुळात एकाच वर्षाची. स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांना मिळणारी दोन वर्षांची वाढ मिळेल का, हे तुमच्या आय-२० वर छापलेल्या विषयाच्या कोडवर ठरतं आणि नेहमीच्या ओटी अभ्यासक्रमाचा कोड त्या यादीत नाही. हे आधी माहीत असलं की नोकरीचा शोध वेळेत सुरू होतो.

पहिल्या सत्राबद्दल मला जास्त बोलायचं आहे. आपण परीक्षेत पानं भरून उत्तरं लिहिलेली असतात. इथे आठवड्याला दोनशे-तीनशे पानं वाचून वर्गात येऊन बोलायचं असतं. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायला माझी जीभ महिनाभर वळेना. गप्प बसणाऱ्याला इथे आदबशीर समजत नाहीत, त्याने वाचलेलं नाही असं समजतात. आणि उतारे उचलू नका, स्वतःच्याच जुन्या निबंधातलेसुद्धा. त्याबद्दल थेट शिस्तभंगाची कारवाई होते.

एका सेमिनारमध्ये मी लालबागच्या चाळीतल्या एका आजींची केस मांडली. अर्धांगाचा झटका आलेला, उजवा हात गेलेला. त्या वेळी सगळीकडे एफआयएम ही सात पायऱ्यांची मोजपट्टी वापरत. तिच्यात आजींना जेवणाला सर्वांत खालचा, म्हणजे १ गुण पडला असता, कारण सून भरवायची. वर्ग म्हणाला, आजींना डाव्या हाताने चमचा धरायला शिकवा. मी तेच सुचवलं होतं परळला असताना, आणि आजींनी नकार दिला होता. डाव्या हाताने जेवायचं नव्हतं त्यांना. त्यांना हवं होतं वेगळंच: भाजी निवडायला बसता यावं, म्हणजे सुनेला मदत होईल आणि संध्याकाळी शेजारणींत बसता येईल. एका हाताने मेथी निवडायची पद्धत आम्ही बसवली, ताट घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं. हे सांगत असताना वर्ग शांत झाला आणि तासानंतर माझ्या गाईड म्हणाल्या, “तुझा प्रश्न हाच आहे, दुसरा शोधू नकोस.” माझा प्रबंध त्यातूनच निघाला: जिथे कुटुंबात एकमेकांवर विसंबणं हीच रीत आहे, तिथे ‘स्वावलंबन’ हे ध्येय कोणी आणि कसं ठरवायचं.

म्हणून सांगते, वॉर्डातल्या तुमच्या वह्या फेकू नका. रुग्णाचं नाव-गाव काढून टाका, पण पाटावर बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, लोटा-बादलीने आंघोळ, हाताने जेवणं, लोकलच्या गर्दीत वॉकर घेऊन चढणं, हे सगळं लिहून आणा. इथल्या मोजपट्ट्या टब आणि मायक्रोवेव्ह धरून बनलेल्या आहेत. त्या कुठे अपुऱ्या पडतात हे दाखवणारा माणूस इथे हवा आहे.

शिवाय आपण इथे परके नाही. केईएममध्ये १९५० साली ओटीचं शिक्षण सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. त्या ही विद्या इकडूनच तिकडे घेऊन गेल्या. १९५२ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा भारत संस्थापक देशांत होता. आणि शिकागोत हॉल्स्टेड स्ट्रीटवर जेन ॲडम्स यांचं १८८९ सालचं हल हाउस आज म्युझियम म्हणून उभं आहे. एलिनॉर क्लार्क स्लेगल यांना या कामाची वाट हल हाउसच्या परिसरातच सापडली आणि पुढे १९१७ मध्ये इथली राष्ट्रीय संघटना स्थापणाऱ्यांत त्या होत्या. आल्यावर पहिल्या मोकळ्या शनिवारी तिथे जाऊन या.

क्लिनिकमध्ये उतरलात की नोंदींची सवय करावी लागते. मेडिकेअरचं, म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचं बिल पंधरा मिनिटांच्या युनिटवर चालतं आणि किमान आठ मिनिटं झाल्याशिवाय एक युनिट लागत नाही. मिनिटं लिहा, आणि व्यायामाऐवजी कृती लिहा: खांदा किती अंशात उचलला यापेक्षा वरच्या फडताळातला डबा काढता आला का. रुग्णाबद्दल घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळही नको, नाव नसलं तरी.

बाकीचं थोडक्यात. दात आणि चष्मा मुंबईतच तपासून या, विद्यार्थ्यांच्या विम्यात ते सहसा येत नाहीत. कमाई नसली तरी पुढच्या वर्षी कराच्या वेळी ८८४३ हा फॉर्म भरायचा. घर मेडिकल डिस्ट्रिक्ट या हॉस्पिटलांच्या भागाजवळ, पिंक किंवा ब्लू लाइनच्या ट्रेनला चालत जाता येईल असं बघा. गाडीचं शिक्षण मात्र पहिल्या उन्हाळ्यातच उरका, कारण प्लेसमेंट उपनगरात पडलं की सकाळी सातला तिथे पोचवणारी ट्रेन नसते. कांदेपोहे, मेतकूट, सगळं डेव्हन अव्हेन्यूवर मिळतं, त्यासाठी बॅगेतले किलो घालवू नका. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला या, तिथे कुणीतरी ओटी भेटतंच.

कोट तिकडून आणू नका. मुंबईत मिळणारा कोट इथल्या उणे वीसला पुरत नाही. नोव्हेंबरआधी माझ्याकडे या, इथून पदवी घेऊन गेलेल्या मुलींनी मागे ठेवलेले चार कोट माझ्या कपाटात आहेत, त्यातला अंगाला बसेल तो घेऊन जा.