अनुदान मंजूर, पण खात्यात खडखडाट: या चुका टाळा

अतिवृष्टीच्या नुकसान अनुदानाच्या याद्या लागल्या की आमच्या सेवा केंद्राच्या दारात चपलांचा ढीग पडतो. आत येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न एकच: "यादीत नाव आहे, मग पैसे कुठं गेले?"

सगळ्यात जास्त डोकं खाते ती 'आधार लिंक आहे हो' ही खात्री. बँकेच्या कागदावर आधार नंबर असणं वेगळं आणि सरकारी पैसा आधारावरून ज्या खात्यात वळतो ते खातं वेगळं. असं खातं एका वेळी एकच असतं, शेवटी जिथं आधार जोडायला संमती दिली तिथलं. शेजारच्या वस्तीवरच्या एका काकांचं पावणेदोन हेक्टर सोयाबीन पाण्यात गेलं. कोरडवाहूला हेक्टरी 8,500 धरले तर 14,875 रुपये. काका दर बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन पासबुक भरून आणायचे. बँक म्हणे आले नाहीत, पोर्टल म्हणे दिले. शेवटी आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग', म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते, उघडलं, तर तिसऱ्याच बँकेचं नाव! सिमकार्ड घेताना दुकानदारानं दोनदा अंगठा घेतला होता, त्यातला एक पेमेंट बँकेच्या खात्याचा. पैसे तिथं निवांत पडून होते. नातवानं मोबाइलवरून काढून दिले तेव्हा काका हसले, पण एसटीचं भाडं कोण देणार?

तेव्हापासून माझी सवय: आधी सीडिंग बघायचं, बँकेचं नाव चिठ्ठीवर लिहून हातात द्यायचं, मगच पुढचं काम. "मागं रांग आहे, उरका" म्हणणाऱ्याला मी खुशाल दुसऱ्या केंद्रावर जाऊ देतो. पंधरा दिवसांनी तो परत येतो. 2025 च्या अतिवृष्टीत फार्मर आयडीवाल्यांना (सरकारी शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना) ई-केवायसीतून, म्हणजे केंद्रावर अंगठा लावून ओळख पटवण्यातून, सूट मिळाली, पण सीडिंग त्यांनीही बघावंच.

दुसरी चूक घाईची. ई-केवायसी करताना यादीत नावापुढं दिलेला विशिष्ट क्रमांक टाकला की पडद्यावर गट नंबर, बाधित क्षेत्र, खातं असं सगळं येतं. लोक न वाचता 'सहमत' म्हणून अंगठा लावतात. नंतर कळतं, 1.40 हेक्टरचं 0.40 झालंय. चूक दिसली की तिथंच असहमती नोंदवा, तक्रार तहसीलदारांकडे जाते. मी पडदा मोठ्यानं वाचून दाखवतो. तरुण पोरं वैतागतात, वैतागू देत.

जनावर दगावलं की लगेच पुरू नका. वास सुटतो, घरातली माणसं रडत असतात, सगळं मान्य. पण 2025 मध्ये दुधाळ जनावराला 37,500, बैलाला 32,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये असा दर होता, आणि पंचनाम्याशिवाय त्यातला छदामही हाती लागत नाही. कानातला बिल्ला दिसेल असा फोटो काढा, तलाठी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा, मग खड्डा खणा.

पीक विमा आणि अनुदान एक नव्हे. एकाचा अर्ज दुसऱ्याला चालत नाही.

पिकाचं नुकसान 33 टक्क्यांच्या आत असेल तर ते अनुदानात बसत नाही, तलाठ्याशी भांडून उपयोग नाही.

वडील वारले, सातबारा त्यांच्याच नावावर? वारस नोंद आजच करा, यादी लागल्यावर नव्हे.

सामायिक गट असेल तर भावांची संमती आधी घ्या. पैसे आल्यावर भाऊ ओळख देत नाहीत.

'फाईल सरकवतो' म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. पैसा थेट खात्यात येतो, त्याच्या हातात सरकवण्यासारखं काही नसतं. व्हॉट्सअॅपवर 'अनुदान यादी' म्हणून आलेली फाइल तर उघडूच नका.

आणि कापूस वेचून, खुरपून अंगठा गुळगुळीत झाला असेल तर मशीनला शिव्या घालू नका. हात कोमट पाण्यानं धुवा, कोरडे करा, मधलं बोट लावून बघा. तेही नाही उमटलं तर डोळ्याचं मशीन असलेलं केंद्र गाठा. आमच्याकडे ते नाही, दोनदा मागणी करून झाली.