महागडं तिकीट घेण्याआधी मिक्सर कुठे आहे ते बघा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी केबल गुंडाळत होते. "मावशी, स्क्रीनवर साडेचार मिनिटं उरलीयत. कॉन्सर्टचं तिकीट पुढचं घेऊ की मागचं?" पुढच्या तिकिटाची किंमत मागच्याच्या पाचपट होती. मी म्हटलं, "पुढे बसून तुला असं काय मिळणार आहे, जे स्पीकरमधून येत नाही?" तिकडे शांतता. मग, "मावशी, चार मिनिटं."

चार मिनिटांत काय सांगणार? म्हणून आता सवडीने लिहितेय.

मी एकोणीस वर्षं कॉन्सर्टच्या साउंडवर आहे. सुरुवात केबल ओढण्यापासून झाली, मग मॉनिटर, म्हणजे कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्टेजवरचे स्पीकर, आता बहुतेक वेळा मुख्य मिक्सरवर असते, म्हणजे सगळ्या माइक-वाद्यांचे आवाज जिथे एकत्र जुळवतात त्या टेबलावर. स्वतः तिकीट काढून क्वचितच जाते, पण जाते तेव्हा जागा बघून जाते. ही शहाणीव उपजत नाही. एकदा जागा न बघता गेले होते आणि चांगली अद्दल घडली.

आवडत्या बँडचा कार्यक्रम होता. पहिली रांग, डावीकडचं टोक. आठवडाभराची कमाई त्यात घातली. जाऊन बघते तर खुर्ची सबवूफरच्या, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरांच्या, थप्पीपासून पाच पावलांवर. बास ड्रमचा प्रत्येक ठोका बरगड्यांत बसत होता, गिटारवाल्याचा ॲम्प थेट माझ्याकडे तोंड करून ठेवलेला, आणि गाणारीचे नुसते ओठ हलताना दिसत होते. तिचा आवाज अक्षरशः माझ्या डोक्यावरून जात होता. मुख्य स्पीकर उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मधल्या-मागच्या लोकांकडे असतो. पुढच्या रांगांसाठी स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर ठेवावे लागतात, त्यांना आम्ही फ्रंट फिल म्हणतो. माझ्या कोपऱ्यातल्या फ्रंट फिलवर कुणीतरी जाकीट वाळत घातल्यासारखं टाकून ठेवलं होतं. मध्यंतरात उठून मागे मिक्सरपाशी जाऊन उभी राहिले. दुसरा भाग सुरू झाला आणि दोन मिनिटांत कळलं की पहिला भाग मी ऐकलाच नव्हता. त्या मिक्सरशेजारच्या खुर्च्या माझ्या तिकिटाच्या निम्म्या किमतीच्या होत्या.

तेव्हा पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. तिकिटाची किंमत स्टेजपासूनच्या अंतरावर ठरते, आवाजाच्या दर्जावर ठरत नाही. या दोन गोष्टी कधीकधी एकत्र येतात, पण योगायोगाने.

नकाशा कसा वाचायचा

तिकीट काढताना बसण्याचा नकाशा उघडा आणि आधी मिक्सर शोधा. मोठ्या जागी जमिनीवरच्या खुर्च्यांच्या मधोमध, जरा मागच्या बाजूला एक रिकामा चौकोन दिसतो. कधी त्यावर साउंड किंवा कंट्रोल असं लिहिलेलं असतं, कधी काहीच नसतं. तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानाला जे ऐकू येतं त्यावरून गायकाचा आवाज किती, तबला किती, गिटार किती हे ठरवत असतो. म्हणजे सबंध हॉलमध्ये मिक्स ज्याच्यासाठी जमवलेला असतो, तो कान त्या चौकोनात आहे. त्याच्या शेजारची किंवा पुढच्या दोन-चार रांगांमधली खुर्ची मिळाली तर डोळे मिटून घ्या. अगदी पाठीमागची मात्र नको. आमची डोकी, पडदे आणि लाइटवाल्याचा डेस्क आड येतो, आणि आम्ही अधूनमधून उभे राहतो, त्याला इलाज नाही.

दुसरं, टांगलेले स्पीकर त्या खुर्चीवरून दिसतील का? दिसत नसतील तर आवाजाचा वरचा भाग तुमच्यापर्यंत पोचणार नाही. शब्दांतले स, च, त गळून पडतात, झांजेची किणकिण जाते आणि उरते ती घुमघुम. बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगा त्यासाठी बदनाम आहेत. छत खाली आलेलं, स्पीकर आडोशाला गेलेले, पाठीशी भिंत, आणि बास त्या कोपऱ्यात साचून राहतो. त्याच बाल्कनीच्या वरची पहिली रांग मात्र बऱ्याच हॉलमध्ये उत्तम असते, आणि लोक तिला नाक मुरडतात कारण ती "वर" आहे.

बासचं अजून एक गौडबंगाल आहे. ५० हर्ट्झच्या स्वराची एक लाट जवळपास ७ मीटर लांब असते. स्टेजच्या डाव्या-उजव्या अंगाला सबवूफर ठेवले की त्यांच्या लाटा मधल्या पट्ट्यात एकमेकींत मिळून फुगतात आणि बाजूला काही ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून मधोमध बसलेला म्हणतो, "काय बास होता!" आणि चार खुर्च्या पलीकडचा म्हणतो, "बास होता कुठे?" दोघंही खरं बोलत असतात.

मैदानावरच्या कार्यक्रमाची गोष्ट वेगळी. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्टेजपासून १०० मीटरवर तो पोचायला सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा लागतो, म्हणून लांबून बघताना ढोलावर काठी आधी पडते आणि ठोका मागून येतो. मागच्या लोकांसाठी मध्ये मनोरे उभारून त्यांवर स्पीकर लावतात, आणि त्यांतला आवाज मुद्दाम तेवढ्याच उशिराने सोडतात, नाहीतर दोनदा ऐकू येईल. अशा मनोऱ्याच्या थोडं पलीकडे, स्टेजकडून बघता मागच्या बाजूला, त्याच्या स्पीकरसमोर उभं राहिलं तर स्वस्तातल्या तिकिटातही आवाज स्वच्छ मिळतो. दिसायला अर्थात गायक अंगठ्याएवढाच दिसणार आणि तुम्ही स्क्रीनच बघणार. ते चालत असेल तर दुप्पट पैसे कशाला द्यायचे?

माइक नसलेली मैफल असेल, म्हणजे वाद्यवृंद, चार वादकांची चौकडी, नुसता पियानो, तर वरचं सगळं विसरा. तिथे हॉल हाच स्पीकर. पहिल्या रांगेत जवळची दोन व्हायोलिनं ऐकू येतात आणि मागची फुंकवाद्यं त्यांच्या आड जातात, म्हणून जरा मागे, जरा वर सरकलेलं बरं. बर्लिनची फिलहार्मोनी १९६३ साली उघडली, तिथे वाद्यवृंदाच्या चारही बाजूंना प्रेक्षक बसतात. पाठीमागच्या जागा स्वस्त, आणि तिथून संचालकाचा, म्हणजे कंडक्टरचा, चेहरा समोरून दिसतो. संचालक नुसत्या भुवईने तुतारीवाल्याला कसं दाबतो ते महागड्या तिकिटवाल्याला कधीच दिसत नाही. फक्त गायक असेल त्या दिवशी तिथे बसू नका. तो समोर तोंड करून गातो, तुमच्या वाट्याला पाठ येते.

किमतीचं काय

इतकं महाग का झालं, हा प्रश्न मलाही पडतो. आमची बिलं काही त्या प्रमाणात वाढलेली नाहीत, एवढं सांगते. १९६० च्या दशकात बॉमोल आणि बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. कारखान्यात तोच माल कमी माणसांत, कमी वेळात होऊ लागतो, पण चौघांनी वाजवायची रचना आजही चौघांनाच आणि तेवढाच वेळ वाजवावी लागते. बाकी जगाचे पगार वाढले की यांचेही वाढवावे लागतात, आणि तो खर्च तिकिटावर चढतो. त्यात गाणं ऐकणं जवळजवळ फुकट झालं. गायक डेव्हिड बोवीने २००२ मध्येच सांगितलं होतं की संगीत नळाच्या पाण्यासारखं, विजेसारखं होणार, कलाकारांनी भरपूर दौरे करायची तयारी ठेवावी. तसंच झालं. पूर्वी दौरा अल्बम खपवण्यासाठी असायचा, आता कमाई दौऱ्यातच आहे.

पण महागाईचं कारण कळल्याने खिसा जड होत नाही. म्हणून हे करा. विक्री सुरू व्हायच्या आदल्या रात्री कागदावर एक आकडा लिहा. याच्या वर नाही. स्क्रीनवर घड्याळ उलटं पळत असताना माणूस माणूस राहत नाही. ३१ ऑगस्ट २०२४ ला ओएसिस या ब्रिटिश बँडच्या पुनर्मीलनाची तिकिटं निघाली तेव्हा लोक कित्येक तास ऑनलाइन रांगेत होते. उभं राहण्याची तिकिटं दोन किमतींची होती. स्वस्तातली संपली की दुपटीहून महाग असलेली पुढे येत होती. इतके तास थांबल्यावर कोण परत फिरतो? ज्याने कागदावर आकडा लिहिलाय तोच.

त्या आकड्यात सगळं धरा. सेवा शुल्क, सुविधा शुल्क आणि त्यांची इतर भावंडं बऱ्याच ठिकाणी शेवटच्या पानावर उगवतात. हे दुखणं जुनं आहे. पर्ल जॅम या बँडने १९९४ मध्ये याच शुल्कांवरून अमेरिकेच्या न्याय खात्याकडे तक्रार केली होती. चौकशी झाली, पुढच्या वर्षी गुंडाळलीही गेली, शुल्कं आहेत तिथेच आहेत. शिवाय जाणं-येणं, उशीर झाला तर राहणं, हेही तिकिटच समजा. दूरच्या गावी जायचं असेल तर बऱ्याचदा तिकीट हा सगळ्यात छोटा खर्च निघतो, आणि मग तिथे काटकसर करून स्वतःला खांबामागे बसवण्यात अर्थ नाही.

तिकिटं संपली तरी हातपाय गाळू नका. ही आमच्या आतल्या गोटातली गोष्ट. स्टेज, स्पीकर, कॅमेरे नक्की कुठे येणार हे ठरेपर्यंत आयोजक बऱ्याच खुर्च्या अडवून ठेवतात. कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी, कधी त्याच दिवशी दुपारी, आम्ही त्या खुर्च्यांवर जाऊन बसतो, इकडून तिकडून बघतो आणि सांगतो, "या वीस सोडा, इथून दिसतं." त्या मूळ किमतीला विक्रीला येतात, आणि त्यांत कधीकधी फार झकास जागा असतात. अधिकृत साइटवर दुपारी एकदा डोकावा. दामदुपटीने विकणारेही शेवटच्या दिवशी ढिले पडतात, कारण कार्यक्रम सुरू झाला की त्यांच्या हातात कागदही उरत नाही. फक्त कुणी तिकिटाचा स्क्रीनशॉट विकत असेल तर घेऊ नका. बऱ्याच तिकिटांवरचा बारकोड आता सतत बदलत राहतो, चित्र दारात चालत नाही.

व्हीआयपी पॅकेजबद्दल माझं मत कडू आहे. गळ्यात अडकवायचा पट्टा, पोस्टर, पिशवी, "लवकर प्रवेश". यातला लवकर प्रवेश एवढाच खरा माल, आणि तोही उभं राहायचं तिकीट असेल तरच. खुर्चीला नंबर असताना लवकर जाऊन करणार काय? आमचा साउंडचेक ऐकणार? "हॅलो, हॅलो, टू, टू" चाळीस मिनिटं?

मग महाग कधी घ्यायचं

वयस्कर गायक, छोटा हॉल, तिसरी रांग. ते तिकीट मी स्वतः घेतलं होतं, आणि महागच होतं. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात एका वरच्या जागेवर त्यांचा आवाज फाटला. ते थांबले, हसले, पाण्याचा पेला उचलला. हात थरथरत होता, पेल्यातलं पाणी कडेला लागून हलत होतं ते मला दिसलं. मग त्यांनी माइक बाजूला केला आणि त्याच दोन ओळी नुसत्या गळ्याने, खालच्या पट्टीत गायल्या. मिक्सरवर असते तर मला त्यातलं काहीच मिळालं नसतं, फेडर, म्हणजे आवाज वाढवायची सरकपट्टी, वर करून करून थकले असते. पहिल्या सात-आठ रांगांनी ते ऐकलं. मागचे लोक माइक बंद पडला म्हणून ओरडत होते.

महागड्या खुर्चीत हे मिळतं, किंवा मिळण्याची शक्यता असते. बोटं, श्वास, वादकांची आपसातली नजरानजर, तंबोऱ्याचा उघडा नाद. ज्या कार्यक्रमात हे घडू शकतं तिथे पुढे बसा. जिथे सगळं आधीच बांधलेलं आहे, नाच, आतषबाजी, मागे सहा मजली स्क्रीन आणि निम्मं संगीत कॉम्प्युटरवरून, तिथला देखावा मुळात लांबून बघण्यासाठीच रचलेला असतो. पुढे उभं राहिलात तर मान वर करून पडद्याचा खालचा कोपरा बघाल.

पुढे असा किंवा मागे, कानात घालायचे बोळे न्या. फोमचे नकोत, त्याने गाणं गोधडीखाली गेल्यासारखं होतं. संगीतासाठीचे वेगळे मिळतात, ते सगळे स्वर सारखेच कमी करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, आणि कामगारांच्या कानांसाठीचा अमेरिकेतला शिफारस केलेला हिशोब बघितला तर १०० डेसिबलला दिवसाकाठी १५ मिनिटं पुरेत. कार्यक्रम अडीच तासांचा. त्या पहिल्या रांगेनंतर माझ्या डाव्या कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती, आणि माझं पोट कानावर चालतं.

भाच्याचं राहिलं. चौथं मिनिट संपता संपता मी म्हटलं, "नकाशात मधोमध चौकोन दिसतोय? त्याच्या उजवीकडे काही शिल्लक आहे?" होतं. पुढच्या तिकिटाच्या निम्म्याहून कमी. कार्यक्रमाच्या दिवशी रात्री त्याचा मेसेज आला: "एकेक शब्द ऐकू येतोय. पण मावशी, तुझा तो मिक्सरवाला मघापासून जांभया देतोय."

मी लिहिलं, दौऱ्याची चाळिसावी रात्र असेल त्याची, त्याला पाणी विचार.