डीबग कर्नल बिल्ड करण्याआधी: तयारीची यादी

डीबग कर्नल म्हणजे बग शोधायला मदत करणाऱ्या तपासण्या चालू करून स्वतः बिल्ड केलेला लिनक्सचा गाभा. सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि नक्की काय बिघडतंय ते त्यावर एका ओळीत लिहा. मशीन गोठतं का? मेमरी हळूहळू संपते का? यूएसबी उपटली की ऊप्स, म्हणजे कर्नल चुकल्याचा मेसेज, येतो का? हा कागद हाताशी नसेल, तर लिनक्सच्या मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे ऑप्शन निवडायच्या स्क्रीनमध्ये) तळाशी असलेल्या 'कर्नल हॅकिंग' मेन्यूत शिरल्यावर माणूस दिसेल त्या ऑप्शनवर वाय दाबत सुटतो. मीही दाबले आहेत. त्यातून जो कर्नल निघाला, तो बूट होईपर्यंत चहा करून पिऊनही व्हायचा. आणि ज्या बगसाठी हा खटाटोप केला, तो सगळंच इतकं मंदावल्यामुळे पुन्हा दिसलाच नाही. यातला प्रत्येक ऑप्शन वेळ, मेमरी किंवा डिस्क यांपैकी काहीतरी खातोच. आपल्या बगसाठी काय खाऊ द्यायचं, हे आधी ठरलेलं बरं.

आमच्या कागदावर यूएसबीचीच ओळ होती, म्हणून पुढचं सगळं तिच्या अंगाने सांगतो.

आता जागा. डिस्ट्रोच्या पूर्ण कॉन्फिगवर डीबग माहितीसकट बिल्ड लावलं की बिल्डचं फोल्डर सहज वीस जीबीच्या घरात जातं, त्यामुळे तीसेक जीबी मोकळे असल्याशिवाय बसू नका. पॅकेजेसमध्ये जीसीसी आणि मेक असतातच. त्यांच्याबरोबर फ्लेक्स, बायसन, बीसी, एन्कर्सेस, लिबएल्फ आणि ओपनएसएसएल यांच्या डेव्ह फाइली लागतात. आणखी एक म्हणजे ड्वार्व्ह्ज. त्यातलं पाहोल नावाचं टूल नसेल तर बीटीएफचा (कर्नलमधल्या टाइपांची माहिती साठवण्याचा) ऑप्शन चालत नाही.

मशीन कोणतं? बग निव्वळ सॉफ्टवेअरचा असेल तर क्यूएमयूत, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये, चालवा. तिथे कर्नल शंभर वेळा मेला तरी कुणाचं बिघडत नाही. बग खऱ्या हार्डवेअरला चिकटलेला असेल तर दोन मशीन लागतात, एक मरायला आणि एक बघायला. रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर हा प्रयोग करू नका. करावाच लागला तर जुना कर्नल ग्रबच्या (बूटच्या वेळी कर्नल निवडायच्या) मेन्यूत शाबूत आहे ना, आणि तो मेन्यू बूट होताना खरंच दिसतो ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. सिक्युअर बूट चालू असेल तर तुमचा बिनसहीचा कर्नल दारातच अडवला जाईल. एक तर सही करायची सोय करा, नाहीतर चाचणीच्या मशीनवर ते बंद करा.

कॉन्फिगची सुरुवात कोऱ्या पाटीने करू नये. सध्या चालू असलेल्या कर्नलची कॉन्फिग फाइल बूट फोल्डरमध्ये असते. ती नव्या सोर्समध्ये आणा आणि 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवा, म्हणजे नव्या ऑप्शनांना त्यांचं ठरलेलं मूल्य मिळतं. बिल्डचा वेळ वाचवायला 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' छान आहे, पण त्या क्षणी जी मॉड्यूल (गरजेनुसार कर्नलमध्ये चढणारे तुकडे) लोड झालेली आहेत तेवढीच ते ठेवतं. म्हणून नंतर लागणार असलेलं प्रत्येक यंत्र, पेनड्राइव्ह, यूएसबी-सिरीयल केबल, सगळं आधी खोचा आणि मगच ती कमांड द्या. डेबियन किंवा उबुंटूची कॉन्फिग उचलली असेल तर 'सिस्टम ट्रस्टेड कीज'मध्ये त्यांच्या सर्टिफिकेट फाइलचा पत्ता असतो. ती फाइल आपल्याकडे नसते आणि बिल्ड तिथे आपटतं. ती जागा रिकामी करा, 'सिस्टम रिव्होकेशन कीज'चीही. 'लोकल व्हर्जन'मध्ये डीबग असा काही शब्द जोडा, म्हणजे यूनेम मारल्यावर आपण कोणत्या कर्नलवर बसलोय ते कळेल. 'आयके-कॉन्फिग' आणि 'आयके-कॉन्फिग प्रॉक'ही चालू ठेवा. त्यामुळे वापरलेली कॉन्फिग कर्नलच्या पोटातच राहते आणि प्रॉक फोल्डरातून वाचता येते. आठवड्याने तीन बिल्ड झाल्यावर कोणत्यात काय चालू होतं, ते दुसरं कुणी सांगणार नसतं.

इथवर नेहमीचंच झालं. आता ज्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात ते. कर्नल मरताना जे बोलतो, ते तुम्हाला ऐकू येणार आहे का? उत्तम डीबग ऑप्शन लावले आणि शेवटचा मेसेज काळ्या स्क्रीनमागे अडकला, तर सगळी मेहनत पाण्यात. सिरीयल कन्सोल असेल तर दुसरं काही शोधूच नका. बूट पॅरामीटरमध्ये कन्सोल म्हणून टीटीवाय-एस-शून्य आणि वेग ११५२०० द्या, पलीकडच्या मशीनवर लॉग फाइलमध्ये साठवा. क्यूएमयूत तर हे फुकटात मिळतं. लॅपटॉपला सिरीयल पोर्ट नसतो. तिथे नेटकन्सोल कामाला येतो. तो कर्नलचे मेसेज यूडीपीवरून दुसऱ्या मशीनकडे ढकलतो. पण नेटवर्क कार्ड उठल्यानंतरच त्याला तोंड फुटतं, त्याआधीचं काही मिळत नाही. तिसरी सोय पीस्टोअर आणि रॅमऊप्सची. यात रॅमचा एक तुकडा राखून ठेवला जातो आणि मशीन गरम रीबूट झालं तर शेवटचा लॉग तिथे सापडतो. बटण दाबून वीजच तोडली तर मात्र गेला. 'इग्नोर लॉगलेव्हल' द्या, आणि लॉगचा बफर वाढवा. 'लॉग बफ शिफ्ट' १७ असेल तर १२८ केबी मिळतात, २० केला तर १ एमबी. लॉकांची तपासणी करणारा लॉकडेप एकदा बोलायला लागला की १२८ केबी त्याला नाश्त्यालाही पुरत नाहीत.

आता डीबग माहिती. इथे मी स्वतः एक रात्र घालवली आहे. जुन्या सवयीने स्क्रिप्टमधून 'डीबग इन्फो' वाय केलं, बिल्ड लावलं आणि झोपलो. सकाळी जीडीबी हा डीबगर उघडला तर त्यात एक चिन्ह नाही, एक ओळ नाही. झालं असं की ५.१८ पासून 'डीबग इन्फो' हा थेट निवडायचा ऑप्शन राहिलेला नाही. आता एक निवड करावी लागते: काहीच नको, टूलचेनला जे बरं वाटेल ते, ड्वार्फ ४ किंवा ड्वार्फ ५. शेवटच्या तिघांतला एक निवडला की 'डीबग इन्फो' आपोआप चालू होतं. नुसतं तेच वाय केलं तर ओल्डडेफकॉन्फिग ते गुपचूप पुसून टाकतं, चकार शब्द न काढता. तेव्हापासून माझा नियम असा: ओल्डडेफकॉन्फिग झाल्यावर डॉट-कॉन्फिग फाइलीत प्रत्येक हवा असलेला ऑप्शन ग्रेप करून बघायचा आणि मगच मेक. एखादा ऑप्शन बसत नसेल तर मेन्यूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबून त्याचं नाव शोधा. तो कशावर अवलंबून आहे ते तिथेच लिहिलेलं असतं.

'डीबग कर्नल' या भारदस्त नावाच्या ऑप्शनबद्दलही गैरसमज नको. तो मुख्यतः पुढच्या ऑप्शनांचं दार उघडतो, शोधाशोध स्वतः करत नाही.

डीबग माहितीमुळे मॉड्यूलं फुगतात, ती इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यात) जातात आणि बूट पार्टिशन भरून इन्स्टॉल अर्ध्यात थांबतं. यावर उपाय म्हणजे मॉड्यूल इन्स्टॉल करताना 'इन्स्टॉल मॉड स्ट्रिप' १ द्यायचं. बसवलेली मॉड्यूलं सडपातळ होतात, आणि बिल्ड फोल्डरातली मूळ, माहितीने भरलेली तशीच राहतात. ते फोल्डर, विशेषतः त्यातली व्हीएमलिनक्स फाइल (डीबग माहितीसकटचा कर्नल), बग सापडेपर्यंत पुसू नका. नंतर पुन्हा बिल्ड करू म्हणाल, तर पत्ते जुळतीलच याचा भरवसा नाही. जीडीबीने थेट जोडायचं असेल तर 'जीडीबी स्क्रिप्ट्स' चालू करा आणि बूट करताना नोकेएएसएलआर द्या, नाहीतर कर्नल दर वेळी वेगळ्या पत्त्यावर जाऊन बसतो आणि तुमचे ब्रेकपॉइंट हवेत राहतात. व्हेरिएबलच्या जागी 'ऑप्टिमाइझ्ड आउट' दिसलं तर चिडून ऑप्टिमायझेशन बंद करायला जाऊ नका. शून्य ऑप्टिमायझेशनवर कर्नल बिल्डच होत नाही.

केजीडीबी, म्हणजे कर्नलमध्येच बसवलेला डीबगर, हवा की नको हा जुना वाद आहे. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने २००० साली डीबगर आपल्याला आवडत नाहीत असं ठणकावून लिहिलं होतं आणि केजीडीबी मुख्य कर्नलमध्ये आला तो थेट २००८ मध्ये, २.६.२६ बरोबर. माझं मत विचाराल तर क्यूएमयूत जीडीबी जोडता येत असताना केजीडीबीच्या वाटेला जाऊ नका. खऱ्या हार्डवेअरवर दुसरा इलाजच नसेल तर ठेवा.

आता कागदावरची ओळ. यूएसबी उपटल्यावर ऊप्स, म्हणजे बहुधा सोडून दिलेली मेमरी कुणीतरी पुन्हा वापरतंय. त्यासाठी नवा कर्नल लागेलच असं नाही. बऱ्याच डिस्ट्रोंच्या कर्नलमध्ये 'स्लब डीबग' (कर्नलच्या मेमरी वाटपाची तपासणी) आधीच बिल्ड केलेलं पण झोपलेलं असतं. बूट पॅरामीटरमध्ये स्लब-डीबग आणि त्यापुढे एफ, झेड, पी, यू ही अक्षरं दिली की ते जागं होतं. मग सोडलेल्या मेमरीत कर्नल एक ठरावीक बाइट भरतो. ऊप्सच्या रजिस्टरांमध्ये ६बी६बी६बी६बी अशी माळ दिसली की समजायचं, मेलेल्या ऑब्जेक्टमधला पॉइंटर कुणीतरी उचललाय. 'डेड' या अक्षरांनी सुरू होऊन १०० किंवा १२२ ने संपणारा पत्ता दिसला तर लिस्टमधून काढलेल्या नोडला कुणीतरी हात लावलाय.

एवढ्याने भागलं नाही तर केसॅन, मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा तपासनीस. ४.० पासून, म्हणजे २०१५ पासून तो कर्नलमध्ये आहे. त्याचा जेनेरिक प्रकार आठवा हिस्सा मेमरी सावलीसाठी (कोणती मेमरी वापरता येते याच्या नोंदींसाठी) घेतो आणि वेग दोन-तीन पटींनी घटवतो, म्हणून व्हर्च्युअल मशीनला एरवीपेक्षा जास्त रॅम द्या. पण बदल्यात जे मिळतं ते बघा. पहिल्या दोन ओळी सांगतात 'स्लॅब यूज आफ्टर फ्री', कोणत्या फंक्शनमध्ये आणि किती बाइट वाचताना. त्याखाली तीन स्टॅक: आत्ता कोण वाचत होतं, ही मेमरी मुळात कुणी घेतली होती, आणि कुणी सोडली. तळाशी सावलीच्या बाइटांच्या ओळी, त्यात सोडलेल्या जागेचे एफबी, कुंपणाचे एफसी आणि नेमक्या बाइटखाली टोपीसारखी खूण. आमच्या यूएसबीच्या भानगडीत तिसरा स्टॅक डिस्कनेक्टचा होता आणि पहिला टायमरचा. यंत्र गेलं, त्याची मेमरी सोडली, पण टायमर रद्द करायचा राहिला होता. त्याआधीचे दोन दिवस मी नुसते प्रिंटके (लॉगमध्ये ओळ छापणाऱ्या आज्ञा) पेरत होतो.

असला बग महिन्यातून एकदा आणि तोही कामाच्या सर्व्हरवरच येत असेल, तर केसॅन तिथे ठेवता येणार नाही. तिथे केफेन्स. ५.१२ पासून असलेला हा गडी थोड्याच ऑब्जेक्टवर नजर ठेवतो. मूळ सेटिंगमध्ये २५५ ऑब्जेक्ट असतात आणि मेमरी सुमारे २ एमबी जाते. एकाच मशीनवर त्याच्या हाती लागायला नशीब लागतं, पण मशीन शेकड्याने असतील तर तो लवकर किंवा उशिरा पकडतोच.

कागदावर वेगळी ओळ असेल तर थोडक्यात सांगतो. मेमरी गळत असेल तर 'केमेमलीक': डीबगएफएस या डीबगसाठीच्या फाइलसिस्टममधल्या त्याच्या फाइलीत आधी क्लिअर लिहा, मग आपली चाचणी चालवा, मग स्कॅन लिहा. आणि एका स्कॅनवर विश्वास ठेवू नका, दुसऱ्यांदाही तेच नाव आलं तर खरं. मशीन गोठत असेल तर 'हंग टास्क' आणि 'सॉफ्ट लॉकअप' डिटेक्टर, जोडीला मॅजिक सिस-रिक्वेस्ट (कर्नलला थेट हुकूम देणाऱ्या कळा). हंग टास्क १२० सेकंदांनी बोलतो, तोवर रीसेटच्या बटणाकडे हात नेऊ नका. दोन धागे एकाच व्हेरिएबलवर भांडत असल्याचा संशय असेल तर केसीसॅन, पण त्याचं आणि केसॅनचं एका बिल्डमध्ये जमत नाही, दोन वेगळे कर्नल करावे लागतात. न भरलेली मेमरी वाचली जात असेल तर केएमसॅन, त्याला क्लँग लागतो. सी भाषेतलं अनिश्चित वर्तन पकडणारा यूबीसॅन स्वस्त आहे, ठेवून द्या.

लॉकांचा संशय असेल तर 'प्रूव्ह लॉकिंग'. २००६ पासूनचं हे लॉकडेप मला या सगळ्यांत जास्त आवडतं, कारण डेडलॉक (दोघे एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकणं) प्रत्यक्ष व्हायची ते वाट बघत नाही. एका ठिकाणी आधी अ मग ब आणि दुसऱ्या ठिकाणी आधी ब मग अ असे लॉक घेतलेले त्याने पाहिले, की लगेच बोंब मारतं. त्याबरोबर 'डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप' घ्या, स्पिनलॉक (धरलेला असताना झोपायला मनाई असलेला लॉक) धरून झोपायला जाणारा कोड तो रंगेहाथ पकडतो. दोन गोष्टी ध्यानात असू द्या. लॉकडेप एकदाच ओरडतं आणि स्वतःला बंद करतं, म्हणजे पहिली ओरड दुसऱ्याच कुणाच्या ड्रायव्हरची निघाली तर ती मिटवल्याशिवाय तुमची पाळी येत नाही. आणि बंद सोर्सचा ग्राफिक्स ड्रायव्हर लोड केलात तर कर्नल टेन्ट होतो, म्हणजे त्याच्यावर डाग लागतो, आणि लॉक तपासणी थांबते. लॉगमध्ये त्याची एकच ओळ येते, ती सहज नजरेतून सुटते.

एफट्रेस (फंक्शनांचा माग काढणारं टूल) आणि डायनॅमिक डीबग (चालू कर्नलमध्ये प्रिंट चालू-बंद करण्याची सोय) मात्र कागदावर काहीही लिहिलेलं असो, चालू ठेवा. वापरात नसताना त्यांचा भार जवळजवळ शून्य असतो. आपल्या एका सोर्स फाइलीपुरते प्रिंट चालू करायला कंट्रोल फाइलीत एक ओळ लिहिली की झालं, नवा बिल्ड नको.

शेवटचा ऑप्शन म्हणजे एलकेडीटीएम. कर्नलला मुद्दाम पाडण्यासाठीचं हे मॉड्यूल आहे. नवा कर्नल पहिल्यांदा उठला की आधी यूनेममध्ये डीबग शब्द बघा. मग डीबगएफएसमधल्या 'प्रोव्होक क्रॅश' फोल्डरातल्या 'डायरेक्ट' फाइलीत 'रीड आफ्टर फ्री' लिहून सोडलेली मेमरी वाचायला लावा. पलीकडच्या मशीनवर केसॅनचा रिपोर्ट पूर्ण आला का? तिन्ही स्टॅक आहेत का? आला नसेल तर कन्सोलकडे परत जा. आला असेल तर तो लॉग आणि जपून ठेवलेली व्हीएमलिनक्स 'डीकोड स्टॅकट्रेस' स्क्रिप्टला द्या. एलकेडीटीएमच्या हीप फाइलीतला नेमका ओळ क्रमांक छापून आला, की खिशातला कागद काढा, यूएसबी लावा आणि उपटा.