गणपतीला गावी निघण्याआधी: मागे राहणाऱ्या पीसीची तयारी

लिनक्स किंवा मॅकचा लॅपटॉप सोबत आणि कामाचा विंडोज पीसी पुण्यात, असं असेल तर रिमोट डेस्कटॉपची (दुरून पीसी चालवण्याच्या विंडोजमधल्या सोयीची) तयारी पीसी हाताशी असतानाच उरकायची. लॅपटॉपवरचा घोळ गावी बसून निस्तरता येतो. पुण्यातला नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली असली तरी त्यांना फोनवरून फायरवॉल समजावणं काही खरं नाही.

आधी सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये विंडोजची आवृत्ती बघा. होम असेल तर बाहेरून कुणाला आत घेणारा रिमोट डेस्कटॉप त्यात नसतोच. प्रो घ्या, नाहीतर रस्टडेस्कसारखं दुरून पीसी चालवणारं दुसरं ॲप वापरा. प्रो असेल तर रिमोट डेस्कटॉप चालू करा.

मग पासवर्ड, आणि इथे घाई नको. रोज पिन टाकून पीसी उघडणाऱ्याला खरा पासवर्ड आठवत नसतो, आणि लिनक्सवरून रिमोट डेस्कटॉप जोडणाऱ्या रेमिना ॲपला पिन चालत नाही. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर यूजरनेमच्या जागी अख्खा ईमेल टाकायचा. साइन-इनच्या पर्यायांत 'फक्त विंडोज हॅलो' (म्हणजे पासवर्डऐवजी पिन, चेहरा किंवा बोटाचा ठसा) चालू असेल तर ते बंद करा, पीसी लॉक करा आणि पासवर्ड टाकूनच एकदा उघडा. हे राहून गेलं तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो आणि आपण उगाच राउटरच्या मागे लागतो.

स्लीप 'नेव्हर'वर ठेवा. वीज जाऊन आली की पीसी आपोआप सुरू होईल अशी सोय बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या सेटिंग्जमध्ये) बहुतेक वेळा असते, तीही चालू करा. नाहीतर पहिल्याच पावसात खेळ खल्लास.

राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटला उघडून देऊ नका, कुणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी. २०१९ मध्ये सापडलेल्या ब्लूकीप नावाच्या रिमोट डेस्कटॉपमधल्या त्रुटीमुळे जुन्या विंडोजवर लॉगिनशिवायच घुसता येत होतं. शिवाय बऱ्याच इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता) नसतो, त्यामुळे तो खटाटोप वायाच जातो. त्याऐवजी दोन्ही मशीनवर टेलस्केल (आपल्याच मशीनचं खासगी नेटवर्क जोडणारं ॲप) टाका आणि विंडोजवर त्यातलं 'रन अनअटेंडेड' चालू करा. नाहीतर अपडेटनंतर पीसी रीस्टार्ट झाला की कुणी लॉगिन करेपर्यंत टेलस्केल जोडलंच जात नाही.

आता चाचणी, पण घरच्या वायफायवर नव्हे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. पिंगला उत्तर आलं नाही म्हणून घाबरू नका, विंडोजची फायरवॉल ते अडवू शकते. टर्मिनलमध्ये एनसी (पोर्ट उघडा आहे का ते बघणाऱ्या) कमांडने पीसीच्या टेलस्केल आयपीवर ३३८९ तपासा. 'रिफ्यूज्ड' आलं तर पीसी जागा आहे, रिमोट डेस्कटॉप बंद आहे. नुसतंच ताटकळत राहिलं तर बहुधा फायरवॉल किंवा स्लीप. जोडलं गेलं आणि तरी आत जाता येत नसेल तर बहुधा पासवर्डच; वरचा पासवर्डचा परिच्छेद पुन्हा वाचा. मॅकवाल्यांनी मायक्रोसॉफ्ट रिमोट डेस्कटॉप शोधत बसू नये, २०२४ पासून त्याच ॲपचं नाव 'विंडोज ॲप' आहे.

आत गेलात की लगेच बाहेर पडू नका. मराठीत चार ओळी टाइप करून बघा. अक्षरं भलतीच उमटली तर लॅपटॉपवर इंग्रजी कीबोर्ड ठेवून इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये निवडा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट आपलाच लॅपटॉप पकडतो, म्हणून पलीकडे पाठवायला कंट्रोल-ऑल्ट-एंड. कॉपी-पेस्ट मध्येच बंद पडलं तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून आरडीपीक्लिप (कॉपी-पेस्ट सांभाळणारा प्रोग्राम) बंद करून 'रन'मधून पुन्हा चालू करा.